शिडीवरच्या बाई

लायलॅक हे पानगळीचे झुडूप पुण्या-नाशिकच्या बागांत दिसत नाही. त्याच्या कळ्यांना फुलण्याआधी दीर्घ, कडक थंडी लागते आणि ती इथल्या हिवाळ्यात मिळत नाही. नाव मात्र मुळीच परके नाही. संस्कृत ‘नील’वरून फारसी ‘नीलक’, त्यावरून अरबी ‘लैलक’ आणि तिथून ते युरोपच्या भाषांत गेले. झाड मूळचे बाल्कनच्या डोंगराळ मुलखातले. सोळाव्या शतकात ते ऑटोमन राजधानीतून व्हिएन्नाला पोहोचले आणि हळूहळू घरोघरच्या कुंपणाशी स्थिरावले.

तिकडच्या परसबागांत आज जो दुहेरी पाकळ्यांचा, घोसदार लायलॅक मिरवतो, त्याची कथा फ्रान्समधल्या नान्सी शहरातली आहे. १८७० साली प्रशियाशी युद्ध पेटले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहर शत्रुसैन्याच्या ताब्यात गेले. ते १८७३ पर्यंत तसेच राहिले. रोपवाटिकेचा व्यवसाय करणारे व्हिक्टर लेम्वान त्याच सुमारास लायलॅकच्या संकराकडे वळले. त्यांच्यापाशी दुहेरी फुलांचा एक जुना वाण होता. त्याची फुले लहान, दिसायला सामान्यच. दुहेरी फुलात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे त्याचे पराग मिळणे शक्य नव्हते. त्याला मातृवृक्ष करून इतर वाणांचे पराग त्याच्या वेड्यावाकड्या स्त्रीकेसरांवर पोहोचवणे, एवढाच मार्ग उरत होता. काम अतिशय नाजूक आणि झाड उंच. लेम्वान तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. दृष्टी अधू झालेली, बोटे पूर्वीसारखी स्थिर राहिलेली नव्हती. म्हणून शिडीवर चढल्या त्या त्यांच्या पत्नी, मारी लुईझ. फुलामागून फूल हाताळून परागण त्यांनी केले. बिया हाती लागल्या त्या अगदी मोजक्या.

त्या मोजक्या बियांपासून सुरू झालेल्या मालिकेत लेम्वान घराण्याच्या तीन पिढ्यांनी लायलॅकचे दोनशेहून अधिक वाण बाजारात आणले. मानसन्मान अर्थातच व्हिक्टर यांच्या वाट्याला आले. त्यांची कल्पकता कोणी नाकारू नये. कोणता पराग कुठे न्यायचा, हे त्यांना कळत होते. पण उद्यानशास्त्राच्या इतिहासात ‘संकरकार’ म्हणून एकच नाव नोंदवण्याची जी रीत पडली, तिच्यात शिडीवरच्या हातांना रकाना नाही. मारी लुईझ यांचा उल्लेख येतो तो बहुधा पतीच्या अधू दृष्टीच्या अनुषंगाने, जणू त्या एखादे उपकरण असाव्यात.

१८९० साली याच रोपवाटिकेतून शुभ्र, दुहेरी फुलांचा एक लायलॅक बाहेर पडला. तो आजही लावला जातो. त्याचे नाव ‘मादाम लेम्वान’.