‘क्रॉनिक टाउन’ : गीतातील अस्पष्ट उच्चाराचा एक अध्याय

ध्वनिमुद्रिकांच्या इतिहासात ‘एक्स्टेंडेड प्ले’, संक्षेपाने ‘ई. पी.’, या प्रकाराचे स्थान मधले आहे. कोलंबिया कंपनीने १९४८ साली दीर्घ तबकडी प्रचारात आणली आणि १९४९ साली आर. सी. ए. व्हिक्टर कंपनीने मिनिटाला ४५ फेऱ्यांची लहान तबकडी पुढे केली. या दोन कंपन्यांच्या चढाओढीतून १९५२ च्या सुमारास ई. पी. जन्मास आली. एका गीताहून अधिक, पण पूर्ण संग्रहाहून कमी, अशी ही व्यापारी सोय होती. पुढे तीस वर्षांनी, अमेरिकेतील ज्या रॉक संगीताला ‘अल्टरनेटिव्ह’ हे विशेषण लाभले त्याच्या प्रारंभकाळी, याच प्रकाराचा निराळा उपयोग झाला. पदरी फारसा पैसा नसलेल्या तरुण वाद्यवृंदाला आपली ओळख करून देण्यास चार-पाच गीतांची तबकडी पुरेशी होती. आर. ई. एम. या वाद्यवृंदाची २४ ऑगस्ट १९८२ रोजी प्रसिद्ध झालेली ‘क्रॉनिक टाउन’ ही ई. पी. या परंपरेतील महत्त्वाची कृती होय. भाषेच्या अभ्यासकाला तिचे महत्त्व आणखी एका कारणाने वाटते. तिच्यातील शब्द नीट ऐकू येत नाहीत.

हा वाद्यवृंद १९८० साली जॉर्जिया राज्यातील अथेन्स या विद्यापीठाच्या गावी स्थापन झाला. गायक मायकेल स्टाइप हा तेथील विद्यापीठात कलेचा विद्यार्थी होता. पीटर बक गिटार, माइक मिल्स बास गिटार आणि बिल बेरी ढोल वाजवीत असे. त्यांचा पहिला कार्यक्रम ५ एप्रिल १९८० रोजी एका जुन्या चर्चच्या वास्तूत झाला. १९८१ साली ‘रेडिओ फ्री युरोप’ ही त्यांची पहिली लहान तबकडी निघाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्थ कॅरोलायना राज्यातील विन्स्टन-सेलम येथे मिच ईस्टर यांच्या ‘ड्राइव्ह-इन’ ध्वनिमुद्रणगृहात ई. पी. चे मुद्रण झाले. हे ध्वनिमुद्रणगृह म्हणजे ईस्टर यांच्या आईवडिलांच्या घरचे मोटार ठेवण्याचे गॅरेज होय. १९८२ च्या मे महिन्यात आय. आर. एस. या कंपनीशी करार झाला. कंपनीच्या सूचनेवरून ‘एजेस ऑफ यू’ हे गीत वगळून त्याजागी ‘वुल्व्ह्ज, लोअर’ घेण्यात आले. अशा रीतीने पाच गीतांची, सुमारे वीस मिनिटांची ही बारा इंची तबकडी सिद्ध झाली.

स्टाइप याच्या उच्चारांच्या अस्पष्टतेची सामान्यतः दोन कारणे सांगितली जातात. ध्वनिमुद्रण सदोष होते, हे पहिले. आणि गायकाला स्पष्ट उच्चार साधत नव्हते, हे दुसरे. ही दोन्ही कारणे तपासून पाहिली असता टिकत नाहीत. याच तबकडीवर बकच्या गिटारीचा सुटा सुटा स्वर निखळपणे ऐकू येतो आणि बासची स्वतंत्र चाल सहज अनुसरता येते. ज्या यंत्रणेने हे टिपले तिला मानवी कंठ टिपता आला नाही, असे म्हणता येत नाही. दुसऱ्या कारणाचे निरसन पुढील इतिहासानेच केले आहे. १९८६ साली ‘लाइफ्स रिच पेजंट’ या संग्रहाच्या वेळी निर्माते डॉन गेहमन यांच्या आग्रहावरून हाच गायक स्पष्टपणे गाऊ लागला. तेव्हा ही अस्पष्टता म्हणजे असमर्थता नव्हे, रचनेतील एक निवड होती, असेच मानावे लागते.

ही निवड कशी सिद्ध झाली, हे उच्चारशास्त्राच्या साहाय्याने सांगता येते. गाताना सूर वाहून नेतात ते स्वर. शब्दाशब्दांतील भेद मुख्यत्वे व्यंजने राखतात. स्वरांची बहुतेक ऊर्जा ३,००० हर्ट्झच्या खाली असते, तर ‘स’सारख्या घर्षक वर्णांची ऊर्जा त्याहून बरीच वर असते आणि तेथेच झांजांचा नादही पसरलेला असतो. गायकाने व्यंजने शिथिल केली आणि त्याचा आवाज वाद्यांच्या पातळीवरच ठेवला, की व्यंजने वाद्यनादात बुडतात व केवळ स्वरांची आंदोलने उरतात. त्यात मिल्स व बेरी यांचे साथीचे आवाज मिसळले, की श्रोत्याला शब्द मिळत नाहीत, शब्दांचा आभास मिळतो.

तबकडीबरोबर गीतांची छापील संहिता दिलेली नव्हती, ही गोष्टही येथे लक्षात घ्यावयास हवी. श्रोत्याच्या हाती खात्रीची भाषा उरली ती शीर्षकांपुरती, आणि ती शीर्षकेही अपुरी वाटावीत अशी. ‘वुल्व्ह्ज, लोअर’ यातील स्वल्पविरामामुळे दुसरे पद क्रियापद की विशेषण, हे ठरत नाही. एका गीताचे नाव तर ‘१,०००,०००’ असे केवळ अंकांत आहे. तबकडीच्या दोन बाजूंनाही ‘क्रॉनिक टाउन’ आणि ‘पोस्टर टॉर्न’ अशी नावे दिलेली असून तीही ‘कार्निव्हल ऑफ सॉर्ट्‌स’ या गीतातून उचललेली आहेत. वेष्टनावर निळ्या छटेत पॅरिसच्या नोत्र दामवरील पाषाणमूर्तीचे चित्र आहे. ती मूर्ती मध्ययुगीन भासते. प्रत्यक्षात ती एकोणिसाव्या शतकातील व्हियोले-ल्य-द्यूक यांच्या जीर्णोद्धारातील आहे.

शब्द आणि अर्थ यांचे साहचर्य म्हणजे काव्य, ही आपल्या काव्यशास्त्राची जुनी धारणा. त्या कसोटीवर ‘क्रॉनिक टाउन’ उणी ठरेल. परंतु श्रोता अर्थाचा केवळ ग्राहक नसतो. जे ऐकू आले नाही ते तो स्वतःच्या भाषिक अनुभवातून भरून काढतो. एकाच ओळीचे निरनिराळ्या श्रोत्यांनी निरनिराळे पाठ मानावेत, हे मौखिक परंपरेच्या अभ्यासकाला परिचित असणारे दृश्य येथे यंत्रमुद्रित गीताच्या बाबतीत घडले. लोकगीतात पाठभेद होतात ते गीत अनेक मुखांतून गेल्यामुळे. येथे मुख एकच आणि मुद्रण कायमचे असूनही पाठभेद उत्पन्न झाले.

तथापि या पद्धतीला मर्यादाही होती, आणि ती वाद्यवृंदानेच पुढे ओळखली. १९८३ च्या ‘मर्मर’ या पहिल्या दीर्घ संग्रहात तीच रीत चालू राहिली आणि ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने त्या संग्रहाला वर्षातील सर्वोत्तम ठरविले. पण १९८६ च्या संग्रहात ‘क्युयाहोगा’ हे गीत आले. ओहायो राज्यातील प्रदूषित होऊन १९६९ साली पेटलेल्या नदीचे ते नाव. जे गीत एका विशिष्ट नदीविषयी व तिच्या काठावरून उखडलेल्या मूळ रहिवाशांविषयी काही सांगू पाहते, त्यात नदीचे नाव ऐकू येणे आवश्यक असते. नागरी जबाबदारीचे विषय गीतात आले तेव्हा व्यंजने परत आली. गीतांची संपूर्ण संहिता मात्र १९९८ च्या ‘अप’ या संग्रहाबरोबरच प्रथम छापली गेली.

१९८७ साली ‘क्रॉनिक टाउन’ ‘डेड लेटर ऑफिस’ या संकलनाच्या सी. डी. आवृत्तीत समाविष्ट झाली. वाद्यवृंद २०११ साली विसर्जित झाला आणि चाळीस वर्षांनंतर, २०२२ साली, ही ई. पी. स्वतंत्र सी. डी. च्या रूपाने पुन्हा निघाली. नंतरची स्पष्ट गीते उपलब्ध असतानाही ती ऐकली जाते. यावरून तिची अस्पष्टता ही केवळ प्राथमिक अवस्थेतील उणीव नव्हती, हे दिसून येते. शब्द अर्थापर्यंत पोहोचण्यापूर्वी नाद म्हणून जे कार्य करतो, त्याचा हा एक नोंदलेला पुरावा होय. मात्र ज्या क्षणी एखाद्या नदीचे वा माणसांचे नाव घेणे भाग पडते, त्या क्षणी केवळ नाद पुरत नाही, हेही याच वाद्यवृंदाच्या इतिहासाने दाखविले आहे.