जुगार: कायद्याचा प्रश्न कौशल्याचा, शरियतचा पणाचा

पैसे लावून खेळलेली रमी जुगार ठरते की नाही, या प्रश्नाला नांदेड-लातूर परिसरात दीर्घकाळ दोन उत्तरे मिळत आली. खेळात कौशल्य किती आणि नशीब किती, हे कायदा पाहतो. शरियत पाहते ती पणाला काय लावले आहे, हे.

कुराणात जुगाराला ‘मैसिर’ म्हटले आहे. ‘सहजता’ या अर्थाच्या धातूशी हा शब्द जोडला जातो. इस्लामपूर्व अरबस्तानात कापलेल्या उंटाच्या मांसाचे वाटे खुणेचे बाण काढून ठरवीत. हरणाऱ्याने किंमत मोजायची आणि जिंकणाऱ्याने मांस बहुधा गरिबांना वाटायचे, अशी रीत होती. दुसऱ्या अध्यायातील २१९ वी आयत म्हणूनच मद्य व जुगारात लोकांचा काही लाभ असल्याचे मान्य करते. मात्र पाप त्याहून मोठे ठरवते. पाचव्या अध्यायातील ९० व ९१ या आयतींनी दोन्ही गोष्टी पूर्णतः वर्ज्य केल्या. त्यामागे दिलेली कारणे आहेत आपसातील वैर आणि नमाजचा पडणारा विसर. दानधर्मासाठी काढलेली सोडतही उलेमा निषिद्ध का मानतात, हे यावरून उमगते. महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये सुरू केलेली लॉटरी कायदेशीर असली, तरी तिकीट घेण्यास या दृष्टीने मुभा नाही.

दोन्ही बाजूंनी पैसा लागला आणि एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतूनच होणार असेल, तर खेळाडू कितीही तरबेज असो, तो जुगारच. घोड्यांच्या शर्यतीत किंवा तिरंदाजीत तिऱ्हाइताने ठेवलेले बक्षीस मात्र चालते. पैसा न लावलेल्या बुद्धिबळाविषयी मतभेद आहेत. शाफई पंथ ते केवळ नापसंत ठरवतो. मराठवाड्यातील बहुसंख्य सुन्नी ज्या हनफी पंथाचे, तो अधिक कठोर आहे.

गंमत अशी, की निजामाच्या राज्यातही जुगाराचा कायदा या कसोटीवर उभा नव्हता. १३०५ फसलीच्या हैदराबाद जुगार कायद्याने, ब्रिटिश हिंदुस्थानातील कायद्याप्रमाणेच, निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. सर्वोच्च न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला, तो याच कायद्याखालील सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात. महाराष्ट्रातील १८८७ च्या कायद्यातही हीच सवलत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने मात्र कौशल्य की नशीब, हा भेदच बाजूला सारला. पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवले. निदान मोबाइलपुरती ही दोन उत्तरे आता जुळली आहेत.

लातूरच्या सोयाबीन बाजारात हा विषय निराळ्या रूपाने येतो. पूर्ण किंमत आगाऊ देऊन ठरल्या दिवशी ठरले तेवढे धान्य घेण्याच्या ‘सलम’ व्यवहारास शरियतची मान्यता आहे. मालाची देवघेव न करता केवळ भावातील फरक चुकता करणारे वायदे बहुतेक उलेमा जुगाराच्या जवळचे मानतात. सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे थांबवले, ते भाववाढीच्या चिंतेतून. धर्मशास्त्राचा तेथे संबंध नव्हता.

जिंकलेल्या पैशाचे काय करावे, याविषयीही नियम आहे. मूळ मालक ठाऊक असल्यास रक्कम त्याला परत करायची. मटक्यासारख्या खेळात हरलेला कोण हे कळतच नाही. तेव्हा ती पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकायची.