तीन कुटुंबं आणि एक कुत्री

लेकीकडे अमेरिकेत राहून आलं की ओळखीच्या बायका विचारतात, "नायगारा पाहिलात का?" पाहिला. छानच आहे. पण माझ्या मनात घर करून बसलं ते लेकीच्या शेजारच्या आजींचं कुत्रं.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा हे कुत्रं असेल असं वाटलंच नाही. कमरेला लागेल एवढी उंची, पांढरे रेशमी लांब केस, चिंचोळं तोंड, पाठीला हलकी कमान. आजींनी नाव सांगितलं, बोर्झोई. रशियन भाषेतल्या या शब्दाचा अर्थ वेगवान. अमेरिकेत १९३६ पर्यंत त्याला रशियन वुल्फहाउंड म्हणत, म्हणजे लांडग्यावर सोडायचा कुत्रा. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्यांत कानाला नि शेपटीला केस असलेला पश्मी असतो ना, तोही असाच नजरेनं शिकार करणारा. हा वासाच्या मागे फारसा जात नाही. लांबवर काही हललं की संपलं, मग हाक मारा नाहीतर नवस बोला! म्हणून आजी त्याला दोरीशिवाय कधीच बाहेर नेत नसत.

घरात मात्र हा प्राणी मांजरासारखा. दिवसाचा बराच वेळ झोपलेला, भुंकणं जवळजवळ नाहीच. कुणी आवाज चढवला की दुसऱ्या खोलीत निघून जायचा. अंगावर चरबी नसल्यामुळे जाड गादी लागायची. त्याच कारणानं भुलीचं औषध देताना डॉक्टरांना जपावं लागतं, असं आजी म्हणायच्या. छाती खोल असल्यानं पोट फुगून पीळ पडण्याची भीती, म्हणून जेवण दोन वेळा थोडं थोडं आणि जेवणाच्या आगेमागे धावणं बंद. शिवाय केस! कानामागे आणि मांड्यांवर गुंता होतो. आजी व्हरांड्यात बसून तासतासभर विंचरायच्या, मी शेजारी बसायची. माझं इंग्रजी बेताचं, पण विंचरण्याला भाषा कशाला लागते?

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. रशियन राज्यक्रांती शिकवताना भूदासांची मुक्ती एका ओळीत उरकायची: "१८६१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरनं भूदासांना मुक्त केलं." रिकाम्या जागा भरा. एक गुण. त्या सहा महिन्यांत लेकीच्या कपाटातलं टॉलस्टॉयचं 'युद्ध आणि शांती' काढलं, म्हटलं शेजारच्या महाशयांचं गाव तरी पाहू.

कादंबरीत १८१० सालच्या शिकारीची प्रकरणं आहेत. रोस्तोव्ह घराणं कर्जात बुडालेलं, तरी शिकारीला निघताना एकशे तीसच्या आसपास कुत्री आणि वीसेक घोडेस्वार. वासावर चालणारी कुत्री लांडग्याला रानातून उघड्यावर काढतात. तिथे बोर्झोई घेऊन माणसं उभी. लांडगा दिसला की कुत्री सुटतात, त्याला गाठून मानेला धरून दाबून ठेवतात. त्या दिवशीचा म्हातारा लांडगा तर तोंडात आडवी काठी देऊन जिवंत बांधला. टॉलस्टॉय स्वतः पट्टीचा शिकारी होता (पुढे शिकार आणि मांसाहार दोन्ही सोडलं), त्यामुळे वाचताना धाप लागते.

मग दुपारी सशाची शिकार आणि शेजारच्या जमीनदाराची एर्झा नावाची लाल ठिपक्यांची कुत्री. तिच्याबद्दल टॉलस्टॉय जाता जाता सांगतो की मालकानं वर्षभरापूर्वी तिच्या बदल्यात घरकामाच्या भूदासांची तीन कुटुंबं दिली होती.

एवढंच. पुढच्या वाक्यात गप्पा चालू. मी पुस्तक मिटून बसले.

तीन कुटुंबं म्हणजे किती माणसं? बारा? अठरा? कुणी आचारी असेल, कुणी धोबीण, एखादी बाळंतीण. त्यांची नावं कादंबरीत नाहीत, कुत्रीचं आहे. आणि ससा एर्झानं पकडलाच नाही. पकडला तो एका साध्या काकांच्या रुगायनं. हे सगळं कादंबरीतलं असलं तरी हवेतलं नव्हे. जमिनीशिवाय माणसं विकायच्या जाहिराती अठराव्या शतकात तिथल्या वर्तमानपत्रांत येत. १८०१ मध्ये जाहिराती बंद झाल्या, विक्री चालूच राहिली. गोगोलच्या १८३६ च्या 'इन्स्पेक्टर जनरल' नाटकातला न्यायाधीश तर उघड म्हणतो की आपण लाच घेतो, पण बोर्झोईची पिल्लंच!

१८६१ मध्ये दोन कोटींहून जास्त भूदास सुटले. पण घरकामाच्या भूदासांना जमीन मिळाली नाही. एका गुणाच्या उत्तरात हे मी कधी सांगितलंच नव्हतं, कारण मलाच नीट ठाऊक नव्हतं.

फुकटची माणसं गेल्यावर जमीनदारांचे कुत्रेखाने मोडले. मोठ्यांचे चालू राहिले. ग्रँड ड्यूक निकोलाय निकोलायेविच, पहिल्या महायुद्धात सुरुवातीला रशियाचा सरसेनापती असलेला, त्यानं १८८७ मध्ये तुला प्रांतात पेर्चिनो इथे जागा घेऊन नामांकित कुत्री जोपासली. टॉलस्टॉयचं गावही तुला प्रांतातलंच. मग १९१७. जमीनदारांची खूण म्हणून ठिकठिकाणी बोर्झोई मारले गेले. काही मालकांनी दुसऱ्याच्या हाती लागू नयेत म्हणून स्वतःच गोळ्या घातल्या. ग्रँड ड्यूक १९१९ मध्ये ब्रिटिश जहाजानं निघाला आणि १९२९ मध्ये फ्रान्समध्ये वारला. आधी इंग्लंड-अमेरिकेत गेलेल्या कुत्र्यांची वंशावळ मात्र तिथे टिकली. शेजारचे महाशय बहुधा त्यांतलेच.

आजींना ही कत्तल माहीत होती. सांगताना डोळ्यांत पाणी आलं. "त्या बिचाऱ्यांचा काय दोष?" दोष नव्हताच. पण माझ्या डोळ्यांसमोर ती धोबीण. ज्याच्या घरातली आजी कुत्रीच्या मोबदल्यात दिली गेली, त्याच्या हातात काठी आली तर त्यानं काय करावं, हे मला व्हरांड्यात बसून कसं सांगता येणार? आणि तरीही तो मारला गेलेला कुत्रा हाच, असाच पाय लांब करून झोपणारा, हेही दिसत होतं. दोन्ही एकदम मनात धरणं जड जातं हो, या वयात जास्तच.

शेवटी एक दिवस मोडक्यातोडक्या इंग्रजीत आजींना एर्झाची किंमत सांगितली. त्यांनी दोनदा विचारलं, "कुटुंबं? माणसांची?" मी मान हलवली. त्यांचा हात थांबला. कुत्र्यानं डोळा उघडून पाहिलं, फणी का थांबली म्हणून. बऱ्याच वेळानं त्या पुन्हा कानामागचा गुंता सोडवायला लागल्या, आणि मी त्यांच्या मांडीवर पडलेले केस गोळा करत बसले.