सैनिकाचे अपंगत्व आणि पुराव्याचा भार

लढाईत गोळी लागून हात गेला तर सैनिकाच्या अपंगत्व पेन्शनबद्दल सहसा वाद होत नाही. वाद होतो तो रक्तदाब, मधुमेह, फिट, मानसिक आजार, पाठीचे दुखणे अशा गोष्टींवरून. भरतीच्या वेळी धडधाकट असलेला तरुण दहा-पंधरा वर्षांनी आजार घेऊन गावी परततो. तो आजार नोकरीमुळे झाला की नोकरीत असताना आपसूक झाला, हा पहिला प्रश्न. ते सिद्ध कोणी करायचे, हा दुसरा. भारतीय सैन्यातील अपंगत्व पेन्शनच्या अपिलांचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास आहे.

कंपनी सरकारच्या काळात अपंग शिपायाच्या पदरात जे पडे ती मेहेरबानी असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बिहारमध्ये भागलपूरच्या आसपास अशा शिपायांना जमिनी देऊन वसवले गेले. मेहेरबानीवर अपील करता येत नाही. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले, आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. जे जखमी होऊन परतले त्यांना हातकाम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी यांच्या नावाने तांत्रिक शाळा निघाली. ती पुढे पुण्याजवळ खडकीला गेली. कसब शिकवण्याची सोय झाली, पण पेन्शनच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची झाली नाही.

ती सोय ब्रिटनमध्ये आधी झाली. १९१९ च्या कायद्याने तिथल्या जखमी सैनिकांना स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे अपील करण्याचा हक्क मिळाला. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, नवा कायदा आला आणि पारडे फिरले. तोवर आजार नोकरीमुळेच झाला हे सैनिकाला दाखवावे लागे; आता संशयाचा फायदा त्याला मिळू लागला. हक्काचा प्रश्न ठरवणाऱ्या न्यायाधिकरणात एक कायदेतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि एक माजी सैनिक असे तिघे बसत. त्यांच्या निकालांवरची अपिले ऐकण्याचे काम १९४५ नंतर न्यायमूर्ती डेनिंग यांच्याकडे होते. १९४७ च्या मिलर खटल्यात त्यांनी दिवाणी आणि फौजदारी पुराव्याच्या पातळ्यांतला फरक मांडला. तो खटला होता अन्ननलिकेच्या कर्करोगाने वारलेल्या सैनिकाच्या विधवेच्या पेन्शनचा, आणि ती हरली. खून-दरोड्याच्या खटल्यांत ‘वाजवी संशया’साठी मिलरचा हवाला देणाऱ्या भारतीय वकिलांपैकी किती जणांना त्यामागची ही विधवा आठवत असेल, हा प्रश्नच आहे.

स्वतंत्र भारतात सैन्याचे पेन्शन नियम १९६१ मध्ये नव्याने बांधले गेले. त्यांतल्या १७३ व्या नियमानुसार अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असावे लागे, आणि ते किमान २० टक्के असावे लागे. या पेन्शनचे दोन भाग: नोकरीच्या वर्षांवर मिळणारा सेवा घटक आणि टक्केवारीवर मिळणारा अपंगत्व घटक. १९८२ च्या हक्क-नियमांनी त्यावर जे लिहिले ते आजही वाचण्यासारखे आहे. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरायचे. पुढे प्रकृती बिघडून त्याला घरी पाठवावे लागले तर ती नोकरीमुळे बिघडली असे धरायचे. दावेदाराकडे पुरावा मागायचा नाही, वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यायचा, आणि तो आघाडीच्या भागात किंवा जहाजावर असेल तर आणखी हात सैल सोडायचा. एवढा उदार नियम हातात असताना दावे का फेटाळले जात, याचे उत्तर नियमात नाही, फॉर्ममध्ये आहे.

सैन्य सोडताना मेडिकल बोर्ड भरते. तीन वैद्यकीय अधिकारी सैनिकाला तपासतात आणि छापील फॉर्ममधले रकाने भरतात: आजार भरतीपूर्वी होता का, सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, टक्केवारी किती. दोन मधल्या रकान्यांत ‘नाही’ लिहिले की दावा संपला. ‘नीदर ॲट्रिब्युटेबल नॉर ॲग्रव्हेटेड’ हे त्या दोन नकारांचे इंग्रजी. त्याची आद्याक्षरे जुळवून फौजी आणि त्यांचे वकील अशा केसला सरळ ‘नाना’ म्हणतात. कारणाच्या जागी बहुधा एकच ओळ असे: आजार जात्याच शरीरात होता, किंवा शांततेच्या ठाण्यावर असताना सुरू झाला. भरतीच्या तपासणीत तो का सापडला नाही, याबद्दल बोर्ड गप्प राही.

फॉर्म पुढे अलाहाबादच्या पेन्शन लेखा कार्यालयात जाई. तिथला वैद्यकीय सल्लागार सैनिकाला न पाहता, नुसत्या कागदांवरून, बोर्डाचे मत फिरवू शके. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९३ मध्ये एका सॅपरच्या, म्हणजे इंजिनिअर दलातल्या जवानाच्या, प्रकरणात या प्रथेला लगाम घातला: वरच्या मेडिकल बोर्डाकडून फेरतपासणी करून घेतल्याशिवाय बोर्डाचे मत डावलता येणार नाही. फेटाळलेल्या दाव्यावर खात्यातच पहिले अपील आणि मग दुसरे अपील करता येई, पण दोन्ही समित्यांपुढे बोले ते कागद. त्यानंतर उरे उच्च न्यायालय. गावाकडच्या निवृत्त शिपायाला ती वाट लांब आणि महाग पडे.

स्वतंत्र न्यायाधिकरणाची मागणी मात्र पेन्शनवरून नव्हे, कोर्ट मार्शलवरून पुढे आली. कोर्ट मार्शलच्या निकालावर एकसुद्धा अपील नसावे याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये नाराजी व्यक्त केली, १९९९ मध्ये विधी आयोगाने न्यायाधिकरणाची शिफारस केली, २००७ मध्ये कायदा झाला. राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते ८ ऑगस्ट २००९ रोजी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. मुख्य पीठ दिल्लीत बसले. प्रादेशिक पीठांपैकी एक मुंबईला मिळाले. उभारले शिक्षेविरुद्धच्या अपिलांसाठी, पण त्याच्या दारात पेन्शनच्या अर्जांची रीघ लागली.

न्यायाधिकरणात दोघे बसतात: एक न्यायिक सदस्य, बहुधा उच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायाधीश, आणि एक प्रशासकीय सदस्य, म्हणजे वरिष्ठ हुद्द्यावरून निवृत्त झालेला अधिकारी. ब्रिटनसारखा डॉक्टर इथे नाही. त्यामुळे सुनावणी आजारापेक्षा बोर्डाच्या कागदाची होते. अर्जदार सहसा बोलत नाही. वकील भरतीच्या वेळची नोंद काढतो, रिकामा रकाना दाखवतो आणि विचारतो की नकाराचे कारण कुठे लिहिले आहे. सरकारी वकील म्हणतो, तज्ज्ञ डॉक्टरांचे मत आहे. वैद्यकीय मत कोड्यात टाकणारे असेल तर न्यायाधिकरण नव्या बोर्डाकडे पाठवू शकते.

या युक्तिवादाला धार आली २ जुलै २०१३ रोजी. सिग्नल्समधल्या एका शिपायाला सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिटच्या आजारामुळे घरी पाठवले होते. अपंगत्व २० टक्के, शेरा ‘नाना’. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ चे नियम ओळीने वाचले आणि सांगितले की बोर्डाने कारणे दिलेली नाहीत, भरतीच्या वेळी नोंद नाही, तेव्हा गृहीतक शिपायाच्या बाजूचे आहे. नवीन असे त्यात काही नव्हते. तीस वर्षे छापील असलेले पहिल्यांदा नीट वाचले गेले. पुढची कित्येक वर्षे अपंगत्व पेन्शनचा क्वचितच एखादा अर्ज या निकालाचा आधार न घेता उभा राहिला असेल.

पैशाचा हिशेबही याच काळात बदलला. १९९६ पासून लागू झालेल्या सवलतीनुसार ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ चे ७५, आणि त्यावरचे १००. पूर्ण अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के हा दर धरला, तर २० टक्क्यांना मिळणारे ६ टक्के थेट १५ होतात. सरकारने ही सवलत प्रकृतीमुळे मध्येच घरी पाठवलेल्यांपुरती ठेवली होती. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती खुली केली. उशिरा जागे होणाऱ्यांसाठी २००८ चा निकाल मोलाचा ठरला: १९८३ मध्ये घरी पाठवलेला सैनिक १९९९ मध्ये न्यायालयात आला, त्याचा हक्क मान्य झाला, पण थकबाकी दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांचीच मिळाली.

सरकार हरले तरी थांबत नसे. ठरून गेलेल्या मुद्द्यांवरही अपिले होत. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी खटलेबाजी कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली, आणि तिने जखमी व आजारी सैनिकांशी चाललेल्या या कज्जेदलालीवर बोट ठेवले. सैनिकाच्या वरच्या वाटा मात्र त्याच वर्षी अरुंद झाल्या. न्यायाधिकरणाच्या निकालात उच्च न्यायालयांनी पडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्चमध्ये म्हटले. उरली ती थेट सर्वोच्च न्यायालयाची वाट, तीही सार्वजनिक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा असला तर. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने ही अडचण दूर करून उच्च न्यायालयांचा रिट अधिकार शाबूत असल्याचे स्पष्ट केले.

नियम मात्र सैनिकापासून हळूहळू दूर सरकत गेले. २००८ च्या हक्क-नियमांत, आजार नोकरीत असताना दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असे ठरत नाही, असे लिहिले गेले; आणि नोकरी सोडून पंधरा वर्षे उलटल्यावर दावा केला तर पुराव्याचा भार दावेदारावर आला. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम लागू झाले. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्यांच्या अपंगत्व घटकाची जागा त्यांत ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ने घेतली. नवे नियम मागच्या प्रकरणांना लागू नाहीत. त्यामुळे फाइल हातात येताच वकील आजाराचे नाव पाहण्याआधी सैन्य सोडल्याची तारीख पाहतो; पुरावा कोणी द्यायचा हे तिच्यावरून ठरते.