वादळ, वीज आणि देवळाची घंटा



ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत देवळाच्या घंटेविषयीं चार शब्द लिहिणें उचित आहे. घंटा आपणांस मिस्साला बोलाविते, मृताची वार्ता देते. परंतु युरोपांत पूर्वीं तिच्यावर आणखी एक काम सोंपविलेलें होतें, तें वादळ पांगविण्याचें. मेघ गर्जूं लागले कीं घंटा वाजविणारे मनोऱ्याकडे धांवत. आशीर्वादित घंटेच्या नादानें वीज हटते अशी लोकांची समजूत होती.

ती किती महाग पडली, हें 1718 सालच्या वसंत ऋतूंत दिसून आलें. फ्रान्स देशाच्या ब्रिटनी प्रांतांत, शुभ शुक्रवार उजाडण्याच्या रात्रीं, म्हणजे 14 व 15 एप्रिलच्या दरम्यान, समुद्रकांठीं भयंकर वादळ झालें. लांदेर्नोपासून सें-पोल-द-लेओंपर्यंत 24 देवळांवर वीज कोसळली. गुएनू येथील देऊळ उद्ध्वस्त झालें व घंटा वाजविणारे दोघेजण प्राणास मुकले. ज्या देवळांत घंटा वाजत होत्या त्यांवरच आघात झाला, असा वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढें आला. लोक मात्र म्हणाले, शुभ शुक्रवारीं घंटा वर्ज्य असतां ती वाजविली, त्याचीच ही शिक्षा!

खरें कारण निराळें. नादानें वीज येत नाहीं आणि जातही नाहीं. ती बहुधा उंच वस्तूवर पडते, आणि त्या गांवांत मनोऱ्याहून उंच असें कांहीं नसे. त्याखालीं भिजलेली दोरी धरून उभा असलेला मनुष्य विजेच्या वाटेंतच सांपडे. म्युनिक येथें 1784 सालीं प्रसिद्ध झालेल्या फिशर यांच्या ग्रंथांत 33 वर्षांत 386 मनोऱ्यांवर वीज पडून 103 घंटावादक मृत्यु पावल्याची नोंद आहे.

मोराव्हिया प्रांतांतील एका गांवचे धर्मगुरु प्रोकोप दिविश यांनीं 1754 सालीं मेघांतील विद्युत् ओढून घेण्यासाठीं लोखंडी यंत्र उभारलें. पुढें अवर्षण पडलें, तेव्हां शेतकऱ्यांनीं त्याचा दोष यंत्रास देऊन तें पाडून टाकलें.

ख्रिस्तसभेनें वादळाच्या वेळच्या प्रार्थना नेमून दिल्या आहेत. त्या आपण श्रद्धेनें कराव्या. पण देवळाच्या शिखरावरून उडी टाकण्यास खुद्द प्रभूनें नकार दिला, हेंही विसरूं नये. आपल्याकडे चैत्र-वैशाखांत वळीव गर्जत येतो. त्यापूर्वीं मनोऱ्यावरील वीजवाहक पट्टी जमिनींत नीट पोहोंचली आहे ना, हें पाहून घ्यावें. वादळांत झाडाखालीं उभें राहूं नये. आणि ज्यांनीं लोकांसाठीं दोरी हातीं धरून प्राण दिले त्यांच्या आत्म्यांसाठीं एक प्रार्थना करावी.