दफ्तरातील दोष आणि यंत्राची हरकत

वऱ्हाडातील जुना मोडी कागद हाती घेतला म्हणजे आजच्या वाचकाला प्रथम बुचकळ्यात टाकते ते त्याचे अखंडत्व. आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि तिच्याखाली न थांबता लिहीत जावयाचे, अशी त्या लेखनाची रीत असल्यामुळे शब्द कोठे तुटला आणि वाक्य कोठे संपले याची खूण बहुधा सापडतच नाही. मराठीत विरामचिन्हे रुळविली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांनी, आणि तीही मुख्यतः छापील बालबोध ग्रंथांत; कचेरीतील कारकुनाचे स्वल्पविरामावाचून काही अडत नव्हते, कारण त्याचा कागद वाचणारा मनुष्यच होता आणि विषयाची पूर्वकल्पना असलेला मनुष्य अक्षरांतील उणीव अर्थाने भरून काढतो.

यवतमाळ जिल्ह्याचे महसुली दफ्तर याच परंपरेतून घडत आले. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, 1861 पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी व आकारणी सुरू झाली, आणि 1864 साली वेगळा निघून पुढे वणीच्या नावाने ओळखला गेलेला मुलूख 1905 साली पुसद तालुका पोटात घेऊन यवतमाळ जिल्हा झाला. या स्थित्यंतरांत पटवाऱ्याच्या बस्त्यात एक गोष्ट नव्याने शिरली: रकाना. कोणती बाब कोठे लिहावयाची हे आता लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहिले नाही. पुढे नमुना सातमध्ये अधिकार, बारामध्ये पीक आणि सहामध्ये फेरफार अशी वाटणी कायम झाली, आणि नाव कमी करावयाचे तर ते खोडून न टाकता त्याला कंस करावयाचा हा प्रघात तलाठ्याच्या अंगवळणी पडला. या प्रघाताचे मला विशेष कौतुक वाटते; चुकलेले किंवा कालबाह्य झालेले नावही दफ्तरात वाचता येत राहते. लेखनदोषाला तर कायद्यानेच जागा ठेविली आहे: 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम 155 लेखनप्रमादांच्या दुरुस्तीसाठीच आहे, आणि सातबाऱ्यातील नावाच्या एका वेलांटीपायी तहसिलीच्या पायऱ्या झिजविलेल्या खातेदाराला ते तोंडपाठ असते.

हेच दफ्तर संगणकात गेले. केंद्राची योजना 1988-89 पासूनची; 2017 साली गावोगाव चावडीवाचन करून संगणकीय उतारे लोकांसमोर वाचले गेले; 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. अशा सारणीबद्ध माहितीला प्रश्न विचारण्याची जगभर रूढ असलेली भाषा म्हणजे एसक्यूएल. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या कल्पनेवर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये 1974 साली ती रचली, तिचे अमेरिकी प्रमाण 1986 साली ठरले, आणि गंमत अशी की प्रोग्रामिंग न शिकलेल्या मनुष्यालाही वापरता यावी हा तिच्या जनकांचा हेतू होता.

तो हेतू कितपत सफल झाला हे अमरावती विद्यापीठाच्या परीक्षेसाठी यवतमाळच्या एखाद्या महाविद्यालयात ही भाषा गिरविणाऱ्या मुलाला विचारावे. 'सिलेक्ट खातेदार, गट, फ्रॉम सातबारा' असे त्याने लिहिले तर यंत्र 'फ्रॉम' या शब्दापाशी हरकत घेते. मुलगा 'फ्रॉम'चे स्पेलिंग चार वेळा तपासतो, आणि दोष असतो त्याच्या आधीच्या, नको असलेल्या स्वल्पविरामात. यंत्र जे ठिकाण दाखविते ते चूक घडली तेथले नसून त्याला पुढे वाचवेनासे झाले तेथले असते; म्हणून नवशिक्याने दाखविलेल्या जागेपासून मागे वाचीत यावे, हे या दुरुस्तीचे पहिले सूत्र होय. अवतरणचिन्ह उघडून मिटविले नाही तर पुढचा सारा मजकूर त्या अवतरणात गडप होतो आणि तक्रार भलत्याच ओळीवर उगवते. लेखनाच्या प्रणालीतून वाक्य उचलून आणले असेल तर त्यातील वळणदार अवतरणचिन्हे यंत्राला अवतरणचिन्हे वाटतच नाहीत, मग ती डोळ्यांना कितीही शोभिवंत दिसोत. 'व्हेअर' 'ऑर्डर बाय'च्या आधीच यावयाचे, हा क्रमही जमाबंदीच्या रकान्यांइतकाच सक्तीचा.

परंतु हरकत घेणारे यंत्र एक वेळ परवडले. मघाच्या वाक्यातून मधला स्वल्पविरामही गाळून 'सिलेक्ट खातेदार गट फ्रॉम सातबारा' असे लिहिले, की यंत्र मुळीच कुरकुरत नाही. 'गट' हे खातेदाराच्या रकान्याचे टोपणनाव समजून ते निमूटपणे माणसांच्या नावांची यादी गट या मथळ्याखाली छापून देते. तालुक्याच्या रकान्यात 'पांढरकवडा' शोधले तर शून्य ओळी येतात, कारण शहर पांढरकवडा असले तरी सरकारी तालुका केळापूर आहे, आणि हे वणी-घाटंजीकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असलेले सत्य यंत्राला ठाऊक नाही. जुना कारकून याच्या नेमका उलट होता: मजकुराची मोडतोड त्याने खपवून घेतली असती, पण विहिरीच्या वाट्यात भावाचे नाव गळलेले दिसताच त्याने मान वर करून पक्षकाराकडे पाहिले असते. व्याकरणाचा इतका कर्मठ आणि आशयाविषयी इतका उदासीन लेखनिक मराठी मुलखाने पूर्वी पाहिला नव्हता.

याची परिसीमा 'अपडेट' या आज्ञेत दिसते. एका खातेदाराचे नाव दुरुस्त करावयास बसलेल्या नवशिक्याने घाईत 'व्हेअर'ची अट लिहिली नाही, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष ठरते आणि तक्त्यातील यच्चयावत खातेदार एकाच नावाचे होतात. जाणते लोक म्हणून तीच अट घालून आधी 'सिलेक्ट' चालवितात, किती ओळी हाती लागल्या ते मोजतात, मग व्यवहार उघडून बदल करतात आणि खात्री पटल्यावरच तो कायम करतात; तोवर 'रोलबॅक' म्हटले की सारे पूर्ववत होते. फेरफाराची नोंद प्रमाणित करण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी पंधरा दिवस सोडण्यामागेही महसुली कायद्याची हीच सावधगिरी आहे. फरक इतकाच, की व्यवहार मुद्दाम उघडला नाही तर पुष्कळशा प्रणालींत वाक्य सुटताक्षणीच बदल कायम होतो, आणि त्यावर हरकत नोंदवावयाला कोणाला पंधरा क्षणही मिळत नाहीत.