पाद्र्यांच्या वह्या व त्यांची तपासणी

भंडारा जिल्ह्यांतील आमच्या करडीसारख्या खेड्यांत मुलाची जन्मतारीख विचारली, कीं बाप सांगे, “पोळा झाला अन् दुसऱ्या दिवशीं पोरगं झालं.” साल कोणतें, हें त्यासही ठाऊक नसे. मग आम्ही मास्तर मंडळी दाखलखारीज पुस्तकांत १ जुलै लिहून मोकळे होत असूं! तपासनीस येण्याच्या आदल्या रात्रीं मात्र तेंच पुस्तक घेऊन जागावें लागे. त्यामुळें चर्चमधील नोंदवह्यांचा इतिहास वाचतांना त्यांतील पाद्री मला परके वाटले नाहींत.

युरोपांत पूर्वीं वधूवरांनीं एकांतांत परस्परांस वचन दिलें, तरी तो विवाह धर्मदृष्ट्या ग्राह्य ठरे. पुढें पुरुषानें कानांवर हात ठेवले, तर त्या स्त्रीनें पुरावा आणावा कोठून? इंग्लंडांत १५३८ सालीं टॉमस क्रॉम्वेलनें प्रत्येक चर्चमध्यें नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला; वही दोन कुलपांच्या पेटींत राहावयाची. ट्रेंट येथील रोमन कॅथॉलिक धर्मपरिषदेनें नोव्हेंबर १५६३ मध्यें ठरविलें, कीं गांवचा पाद्री व दोन-तीन साक्षीदार यांच्यावांचून झालेला विवाह विवाहच नव्हे. आणि वधूवरांचीं व साक्षीदारांचीं नांवें, दिवस व स्थळ पुस्तकांत लिहिलींच पाहिजेत. बाप्तिस्म्याच्या वेळीं उभे राहणारे धर्ममातापिताही नोंदावयाचे, कारण त्यांचा त्या मुलाशीं पुढें विवाह निषिद्ध असे.

परंतु हुकूम काढल्यानें वह्या लिहिल्या जात नाहींत, हें मास्तरास कोणी सांगावयास नको. त्याच परिषदेनें बिशपांस आपल्या प्रांताची पाहणी दर वर्षीं, प्रांत मोठा असल्यास दोन वर्षांत, पुरी करण्यास बजावलें. माझ्या मतें खरा गुण या फेरीचा.

गोव्यांत १५६७ सालीं पहिली प्रांतिक धर्मपरिषद भरली आणि ट्रेंटचे नियम येथें आले. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यु व घरोघरच्या माणसांची यादी अशीं पांच पुस्तकें नेमून दिलीं.

येथें मन थबकतें. त्याच १५६७ सालीं साष्टींतील देवळें पाडलीं गेलीं. बाप्तिस्मा घेणाऱ्यास पोर्तुगीज नांव मिळे. आडनांवही बहुधा धर्मपित्याचें वा पाद्र्याचें. एखाद्या कामताचें वा प्रभूचें कुळ ज्या पानावर नव्या नांवानें उभें राहिलें, तेथेंच त्याचें जुनें नांव बुडालें. पत्नीचा हक्क राखणारी वही ती हीच! आणि पोर्तुगालांत १९१० सालीं प्रजासत्ताक येऊन नागरी नोंदणी सक्तीची होईपर्यंत, गोव्यांतील ख्रिस्ती घराण्यांच्या जन्मलग्नांस मुख्य साक्ष याच कागदांची. कोंकणची दमट हवा आणि वाळवी यांतून जीं पानें वांचलीं, त्यांवरच आज नातवंडें आपले पूर्वज शोधतात.

मागें माझा एक जुना विद्यार्थी पासपोर्टाच्या कागदांसाठीं जन्मतारीख विचारावयास आला. मीं त्यास १ जुलै सांगितली. ती कोणी ठरविली होती, तें मात्र माझ्यानें सांगवलें नाहीं.